तितराचा आवाज

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, कतारच्या वाळवंटात एका शुक्रवारी सकाळी एका पन्नाशीच्या मराठी माणसाने पक्ष्याचा आवाज काढायला नकार दिला. तो माणूस मी. हसा, हरकत नाही. मीही आता हसतो. त्या सकाळी हसू येत नव्हतं.

आधी अपमान सांगतो. अल वक्रा शहरात आमच्या साहेबांच्या घरी जेवण होतं. पुण्या-नाशिकची आठ-दहा कुटुंबं. श्रीखंड संपलं आणि साहेबांनी मला हॉलच्या मधोमध उभं केलं.

"याला तितराचा आवाज काढता येतो. पारधी आहे ना! रक्तातच असतं यांच्या. काढ रे!"

मी काढला. नाटकी माणूस मी. समोर प्रेक्षक दिसले की गळा आपोआप सुटतो. मुलांनी टाळ्या वाजवल्या. "वन्स मोअर, अंकल!" एका बाईंनी हळूच आपली पर्स जवळ ओढली.

तो आवाज मला आज्याने शिकवलेला. दोन तितरांपायी आज्याला जंगलाच्या गार्डाने झाडाला बांधून मारलं होतं. कायदा आमच्या पालावर यायचा तो असा, दंडुका घेऊन. आणि मी तो आवाज श्रीखंडावर बडीशेप म्हणून वाटला.

घरी येऊन ओकलो.

आता माझी नोकरी ऐका, म्हणजे गंमत कळेल. सरकारने राखलेलं वाळवंट. कुंपणाच्या आत हरणं, ससे, तितर. देखरेखीचं कंत्राट आमच्या कंपनीकडे, आणि तिथला सुपरवायझर मी. पारध्याचा नातू राखणदार! आत बंदूक न्यायला बंदी. परवाना असला तरी बंदी. परवाना बंदुकीचा असतो, या जागेचा नसतो. आत बंदूक दिसली की नोंद करायची, माझ्या सहीने. आयुष्यात पहिल्यांदा कायदा माझ्या शेजारच्या खुर्चीत बसला होता. मला त्याची संगत फार आवडायची.

त्या शुक्रवारी साहेब एका कतारी पाहुण्याला घेऊन आले. कंपनीला हवं असलेलं मोठं गिऱ्हाईक. स्वतःच्या कार्डाने फाटक उघडलं, मला गाडीत घेतलं. एका काटेरी झुडपापाशी थांबलो. पाहुणा उतरला तेव्हा त्याच्या हातात बंदूक दिसली.

साहेब कानाशी आले. "काढ आवाज. नर लगेच बाहेर येईल."

"सर, बंदूक आत चालत नाही."

"लायसन आहे त्याच्याकडे. पारध्याची जात तुझी, आणि तू आम्हाला कायदा शिकवणार? काढ!"

आवाज गळ्यात तयार होता. एकदा सोडला की नर येणार. गोळी सुटणार. मग चौकशी. आणि चौकशीत नाव कुणाचं येणार? पारध्याचं. नोकरी जाईल, आणि जाताना कपाळावर तोच जुना शिक्का. चोर.

तोंड घट्ट मिटलं.

तेवढ्यात तो मूर्ख नर आपणहूनच बोलला. आणि वर तुरुतुरु बाहेरही आला. बंदूक पाहुण्याच्या खांद्याला लागली.

मी नळीसमोर जाऊन उभा राहिलो. शौर्य वगैरे काही नाही. पँट ओली व्हायची तेवढी बाकी होती.

"नो गन हिअर, सर."

पाहुण्याने माझ्याकडे पाहिलं. बंदूक खाली केली. मग साहेबांना इंग्रजीत म्हणाला, "परवानगी काढलीय म्हणालात ना?"

साहेब गाडीची किल्ली चाचपू लागले.

"खलास," म्हणून तो गाडीत जाऊन बसला.

दुपारी ऑफिसात मी नोंद लिहिली. वेळ, जागा, गाडी, बंदूक. 'घटनेचा तपशील' या रकान्यात साहेबांचं झुडपापाशी कानात बोललेलं वाक्य टाकलं. जसंच्या तसं, मराठीत. खाली इंग्रजी अर्थ. पाठवायचं बटण दाबलं. नोंद सरळ सरकारी खात्याकडे, सूचना साहेबांच्या फोनवर.

साहेब धावत आले. माझ्याहून बारा वर्षांनी लहान माणूस.

"डिलीट कर ते! नोकरी जाईल तुझी. व्हिसा जाईल."

"जाऊ दे. नोंद वर गेली," मी म्हणालो. "यापुढे कुणाच्या हुकमावर हा गळा वाजणार नाही. जिथे सही माझी, तिथे जे घडलं तेच लिहिणार. आणि मला 'तुम्ही' म्हणायचं."

साहेब वाकून स्क्रीनवरचं वाचत राहिले. ओठ हलत होते. मग तोंडातून निघून गेलं,

"अरे... अहो, पण त्यात जात कशाला लिहिलीत!"