पाटात गेलेली चप्पल

शेतीसाठी पाटाला पाणी सुटलं, की आम्ही दोघं संध्याकाळी काठाने फिरतो. काल माझी एक चप्पल सटकली आणि सिमेंटच्या उतारावरून थेट पाण्यात गेली. विहिरीत पोहायला शिकलेला मी, पँट दुमडून उतरायला निघालो.

बायकोने मागून सदरा धरला. "अहो, शेवाळ बघा! वर यायला पायरी आहे का इथं?"

"पाणी किती संथ आहे!"

"चप्पल बघा तुमची."

चप्पल पुलाखालून पारही झाली होती. वरून शांत, आतून घाईत, अशा गोष्टींवर मी नेहमीच भाळतो. लग्नही तसंच जमलं.

"चप्पल नवी मिळेल," ती म्हणाली, "पण दुसऱ्या नवऱ्याला वळण लावायचं माझं वय राहिलंय का?"

एका पायाने अनवाणी, पण खुशीत घरी निघालो. सदऱ्याचं टोक तिने दारापर्यंत सोडलं नाही.