सातची वेळ

ओल्या लोकरी कोटांचा आणि कापूर घातलेल्या मलमाचा मिळून जो एक वास होतो, तो कुठेही आला की मला रेगेन्सबर्गमधल्या हिवाळ्यातल्या सकाळी आठवतात. डोनाऊ नदीवरचं धुकं पुलापर्यंत चढलेलं, बाहेर काळोख, आणि साडेसहाला मी फिजिओथेरपीच्या दवाखान्यातले दिवे एकेक करून लावते आहे. मोटारींच्या कारखान्यातल्या ह्यांच्या नोकरीमुळे आम्ही इथे आलो आणि मला या दवाखान्यात रुग्णांच्या वेळा नेमायचं काम मिळालं. याद्या करणं मला जमतं; त्या वर्षांत तेवढंच न थकता जमत होतं.

पहिली, सातची वेळ मार्कुसची. गावातल्या फुटबॉल क्लबात मधल्या फळीत खेळणारा, तेहतीस वर्षांचा, शस्त्रक्रिया झालेला उजवा गुडघा जपत जिना चढणारा. बाकीची नावं मी पेन्सिलीने लिहायची, कारण माणसं वेळा बदलतात. त्याचं मात्र जूनअखेरपर्यंत शाईने लिहून टाकलं होतं. जूनअखेर त्याचा करार संपणार होता. तोवर गुडघा धावण्याजोगा झाला तर आणखी एक वर्ष खेळ, नाहीतर थांबणं. सातचाच आग्रह अशासाठी, की नऊला संघाचा सराव असे आणि तो मैदानाच्या कडेने चालायला तरी जाई. आपण दिसेनासे झालो की लोक विसरतात, म्हणायचा. एकदा बुटाचे बंद बांधताना त्याने सांगितलं होतं, की गोल करणारे वेगळे, अडवणारे वेगळे. आपण पंधरा वर्षं नुसता एकाकडून चेंडू घेऊन दुसऱ्याला नेऊन दिला. त्या बोलण्यात तक्रार नव्हती, शीण होता, आणि तो मला फार ओळखीचा वाटला.

दवाखान्यातलं घरी बोलायचं नाही, हा माझा नियम. मार्कुस माझ्याकडे येतो आणि त्याचं नाव मी शाईने लिहिलंय, एवढंच ह्यांना ठाऊक. सामना पाहता पाहता हे चिडवायचे, "अगं, तुझ्या वहीत शाईने नाव आहे ना? मग खेळणारच तो पुन्हा." मी हसायची. पण मे महिन्यात चेस्टनटची झाडं फुलून गेली तरी दर सोमवारी गुडघ्यावर सूज परत येत राहिली. हंगाम संपला, संघ सुट्टीवर गेला, नऊला कुठे पोहोचायचं उरलं नाही. मार्कुस तरीही सातलाच येत राहिला.

जूनमध्ये विश्वचषकाचे झेंडे सज्ज्यासज्ज्यांवर लागले. त्याच आठवड्यात, उपचार संपल्यावर, तो माझ्या टेबलापाशी रेंगाळला. मी पेन उघडून पुढच्या महिन्याचं पान काढलं.

"फ्राउ जोशी," तो म्हणाला, "आता कुठलीही वेळ चालेल."

कराराचं त्याने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. दहा चाळीस मोकळी आहे, हुबरआजींच्या लगेच नंतरची, एवढंच म्हटलं. खुब्याचं हाड बदललेल्या या आजी बाकावर भेटेल त्याला केकची कृती सांगत.

"म्हणजे मी आता त्यांच्या संघात," तो म्हणाला, आणि हात मिळवून सावकाश जिना उतरला.

मी पेन मिटलं आणि दहा चाळीसपुढे त्याचं नाव पेन्सिलीने लिहिलं. सातच्या वेळेसाठी कामावर जाणाऱ्या सहाजणांची यादी माझ्या खणात होती, आणि वेळ रिकामी ठेवणं माझ्या स्वभावात नाही. तरी त्या दिवशी मी कोणालाही फोन केला नाही.

दुसऱ्या सकाळी साडेसहाला दार उघडलं. हात सवयीने बटणाकडे गेला आणि तिथेच थांबला. खोलीभर ऊन होतं, टेबलावर, बाकावर, कोट नसलेल्या खुंट्यांवर. कित्येक आठवडे ते असंच येत असणार. मी रोज त्या उन्हात दिवे लावत आले होते.