जाखडी आणि आठ कॅमेरे

मुंबईत मी ॲनिमेशनच्या धंद्यात आहे. माणसाच्या अंगावर चमकणाऱ्या गोळ्या चिकटवायच्या, चहूबाजूंनी कॅमेरे लावायचे, तो हलला की त्याची हालचाल कॉम्प्युटरमध्ये उतरते. आजवर हे सगळं गेममधल्या राक्षसांसाठी केलं. एकदाच माणसासाठी केलं, बाबांसाठी, आणि त्याचं वाटोळं झालं.

बाबांच्या डाव्या पायाची जखम साखरेमुळे भरत नव्हती. पुढच्या आठवड्यात पाय गुडघ्याखाली काढायचा ठरला होता. गणपतीत आमच्या वाडीचा जाखडी नाच उभा राहिला की रिंगणात बाबा जी गिरकी घेत, ती दुसऱ्या कुणाला कधी जमली नाही. मोबाइलच्या शूटिंगमध्ये ती एकाच बाजूने दिसते, तीही लोकांच्या डोक्यांमधून. मला ती सगळ्या बाजूंनी हवी होती, पाय आहे तोवर. डॉक्टर नको म्हणाले. बाबा म्हणाले, "जायचाच हाय तर नाचून जाऊंदे त्याला."

आमच्या गावाजवळ मिरजोळ्याला आंब्याच्या पेट्या ठेवायची एक शेड रिकामी मिळाली. आठ स्टँडवर आठ कॅमेरे उभे केले. पत्र्याच्या फटींतून येणाऱ्या उन्हाला गोणपाट लावले. चकाकणारं काहीही दिसलं की कॅमेरा त्यालाही गोळी समजतो, म्हणून बाबांचं घड्याळ काढलं, दाराची कडीसुद्धा झाकली. मग गोळ्या लावलेली कांडी घेऊन मी शेडभर ती फिरवत राहिले, वर, खाली, कोपऱ्यात, जमिनीलगत. आठही कॅमेऱ्यांनी ती पाहिली की कोण कुठे उभा आहे हे त्यांना एकमेकांवरून कळतं. त्यानंतर स्टँडला बोटही लावायचं नाही. केसभर हलला तरी सगळं गणित बिघडतं.

खुर्चीत बसलेले बाबा बघत होते. "भूतबित उतरवतंस काय गो?"

"हे आठ जण आज तुम्हाला बघणार आहेत," मी म्हटलं. दुपारी एकदाचं जमलं, आणि मला मेलीला स्वतःचंच कौतुक वाटलं.

अंगभर गोळ्या चिकटवून झाल्यावर बाबा उठले, पायात चाळ बांधले; तेही चकाकू नयेत म्हणून मी त्यांवर काळं कापड गुंडाळलं. रिंगणात उतरण्याआधी मृदंगाच्या पाया पडायची त्यांची रीत. इथे मृदंग मोबाइलमधून वाजणार होता. त्यांनी जरा इकडेतिकडे पाहिलं. मग लंगडत पहिल्या स्टँडपाशी गेले, त्याच्या पायांना हात लावला आणि तो कपाळाला नेला. मग दुसऱ्याच्या. वाकताना तोल जाई, म्हणून स्टँडलाच धरत. असे करत सगळे झाले. मी नुसती बघत राहिले. 'स्टँडला हात लावू नका' म्हणून कामावर रोज ओरडणारी मी, मला तेव्हा तोंड उघडायचं सुचलंच नाही. नंतरही लॅपटॉपकडे बघायचं सोडून मी त्यांच्याकडेच बघत होते.

बँडेज लाल झालं तरी त्यांनी गिरकी पुरी केली. तिथूनच त्यांना हॉस्पिटलात नेलं.

पाय गेल्यावर मी फाइल उघडली. खूप झगडले, काही उपयोग झाला नाही. पडद्यावर ठिपक्यांचे बाबा नाचायला लागत, आणि गिरकी आली की डावं पाऊल घोट्यापासून सुटून एकटंच भलतीकडे निघून जाई. तो पाय आता पुन्हा कुठून आणायचा होता? आई गेली तेव्हाही मला इतकं हरल्यासारखं वाटलं नव्हतं.

घरी आल्यावर बाबांनी दोन-तीनदा विचारलं. शेवटी लॅपटॉप त्यांच्या अंथरुणावर ठेवला. त्यांनी गिरकी पाहिली, पुन्हा लावायला सांगितली, पुन्हा पाहिली. सपाट पडलेल्या चादरीवरून ते हात फिरवत होते.

"कुणाच्या तरी पाया पडायचा ऱ्हायला असंल माजा," ते म्हणाले.

मी म्हटलं, "नाही बाबा. एकही राहिला नव्हता."