राजेश्वरीअक्काचा पुठ्ठ्याचा किल्ला

राजेश्वरीअक्का कधी कुणाला शिवी देत नाही. मी देतो, पोटभर देतो, म्हणून ही हकिकत मीच सांगितलेली बरी.

मी मकदूम. चिंचोळी एमआयडीसीत चादरी-टॉवेल भरायची खोकी करणारा एक कारखाना आहे, तिथे साच्याने पुठ्ठा कापणाऱ्या पंचिंग मशीनवर होतो. होतो म्हणतोय, ते का ते पुढे कळेलच. अक्का तिथे माझ्याआधीपासून, एकोणीस वर्षं. माणूस अक्कलकोटकडचं, घरात कन्नड, बाहेर मराठी. नवरा लवकर गेला. मुलीचं लग्न तिने पुठ्ठे कापून केलं. तिचं सगळं शिक्षण बोटांत होतं. पुठ्ठ्याची कड नखाने दाबून ती सांगायची, हा ओला आहे, आज लावू नका.

पुठ्ठ्याच्या दोन कागदांमध्ये एक नागमोडी कागद असतो. कडेने बघितलं की बारीक नळ्या दिसतात. भिंतीने ओझं पेलायचं तर नळ्या उभ्या हव्यात. आडव्या आल्या की भिंत पोट काढून खाली बसते. नव्या माणसाला अक्का पहिल्याच दिवशी हे शिकवायची. "आधी नळी बघ, मग पातं लाव." मलाही तिनेच शिकवलं, आणि दोनदा हातावर चापट मारून शिकवलं.

किल्ल्याची गोष्ट दिवाळीत सुरू झाली. अक्का भाड्याने तिसऱ्या मजल्यावर राहायची. नातीला अंगणातल्या पोरांसारखा किल्ला हवा, आणि तिसऱ्या मजल्यावर मातीचा चिखल करू देईल असा घरमालक सोलापुरात अजून जन्मायचाय. मग अक्काने कारखान्यातले कात्रण पुठ्ठे विचारून घरी नेले आणि किल्ला कापला. डिंक नाही, टाचणी नाही. खाच खाचेत बसते, भिंत भिंतीला धरते. दिवाळी संपली की किल्ला मोडून पिठाच्या पोत्यात भरायचा आणि पोतं खाटेखाली. पुढच्या वर्षी त्याच तुकड्यांतून वेगळा किल्ला. फूटपट्टी तिने हातात धरली नाही. वीत, अर्धी वीत, पाव वीत, एवढंच माप. त्यामुळे कुठलाही तुकडा कुठेही बसायचा.

माझी मुलगी इफ्रा इंजिनिअरिंगला आहे. ती आणि तिच्या मैत्रिणी एक युद्धाचा खेळ खेळतात. अंगठ्याएवढे धातूचे सैनिक, हाताने रंगवलेले. टेबलावर डोंगर, भिंती, पूल मांडायचे, फासे टाकायचे, टेपने अंतर मोजून सैनिक पुढे सरकवायचे. मला त्यातलं काही कळत नाही, पण पोरी अभ्यासापेक्षा मन लावून भांडतात एवढं दिसतं. त्यांच्याकडे डोंगर म्हणून पुस्तकांची चळत असायची. इफ्राने अक्काचा किल्ला बघितला आणि तिथेच बसकण मारली. "अक्का, आमाला असं करून द्या की." अक्काने वर्षभर करून दिलं. बुरूज, पडके वाडे, नदीवरचा पूल, पायऱ्यांची टेकडी. पन्नास वर्षांची बाई, पोरी आल्या की चेहरा उजळायचा तिचा.

मग तिने आयुष्यातली एक चूक केली. सगळे तुकडे पोत्यात भरून धाकट्या मालकांना दाखवायला नेले.

धाकटे मालक म्हणजे सोमशेखर. वडील गेल्यावर पुण्याहून शिकून आले आणि काचेच्या केबिनमधून उंटावरून शेळ्या हाकायला लागले. अक्काला ते आपल्यातलेच वाटायचे. लहानपणी तिच्या डब्यातली शेंगाचटणी खाल्ली होती त्यांनी. म्हणाले, दोन दिवस ठेवून जा. दोन महिन्यांनी पोतं परत आलं आणि पाठोपाठ किल्ल्याच्या खेळण्याचं छापील खोकं आलं. वर रंगीत किल्ला आणि खाली मोठ्या अक्षरांत, 'संकल्पना आणि रचना: सोमशेखर'. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो आमच्या कारखान्यात सूट घालून फिरत होता.

अक्का केबिनमध्ये गेली नाही. मालक मशीनपाशी आले तेव्हा सगळ्यांसमोर विचारलं, "साहेब, माझं नाव कुटं हाय ह्याच्यावर? एका कोपऱ्यात बारीक असलं तरी चालतंय."

साहेब हसले. "अक्का, तुम्हाला हितं पुठ्ठा कापायला ठेवलंय, डोकं चालवायला नाही. सगळ्यांनीच ध्यानात ठेवा."

दुसऱ्या दिवशी फाटकावर वॉचमनने तिला आत सोडलं नाही. त्या बिचाऱ्याला तोंड वर करवेना. अक्काने डबा पुन्हा पिशवीत ठेवला. मी बाहेर धावत गेलो तेव्हा ती रिक्षाची वाट बघत उभी होती, डोळे कोरडे.

"मकदूम," ती म्हणाली, "मला पैसा नको, नोकरी नको. हे माझं हाय, एवढं त्याच्या तोंडातून चार माणसांत निघालं पायजे. डूख धरला म्या."

आठवड्याने किल्ल्याचे नवे साचे मशीनवर आले. साहेबांनी सगळे तुकडे मोजून संगणकात घातले होते. एका शीटमध्ये जास्तीत जास्त तुकडे बसावेत म्हणून संगणकाने ते आडवेतिडवे फिरवले होते. पुठ्ठा वाचला खरा, पण निम्म्याहून जास्त भिंतींच्या नळ्या आडव्या आल्या. मी बघितलं. शेजारच्या हरिबाने बघितलं. घड्या घालणाऱ्या गुरम्माने बघितलं आणि पदर तोंडाला लावला.

जेवणाच्या सुट्टीत मी अक्काला फोन लावला. "अक्का, नळ्या आडव्या हायत. साहेबांना सांगू का?"

तिने उलट विचारलं, "तुला कशाला ठिवलंय म्हणाले व्हते साहेब?"

"कापायला."

"मग काप की."

आणि मी कापलं. इतकं मन लावून मी कधीच काम केलं नव्हतं. एक खाच चुकू दिली नाही, एक कड फाटू दिली नाही. पाचशे संच. साहेब येऊन पाठ थोपटून गेले. केबिनमधल्या टेबलावर एक किल्ला मांडून बघितला त्यांनी. रिकामा किल्ला उभा राहतोच. अख्ख्या कारखान्यात डोकं चालवायची बंदी होती, आम्ही ती पाळली. खोटं कशाला बोलू, मला लई गोड वाटत होतं.

होटगी रोडवरच्या एका हॉलमध्ये उद्योजकांचं प्रदर्शन भरलं. खेळण्यांच्या दुकानांसाठी खरेदी करणाऱ्या एक बाई पुण्याहून येणार होत्या. त्यांच्यासमोर खेळून दाखवायला साहेबांनी कॉलेजातून इफ्रा आणि तिच्या मैत्रिणींना बोलावलं. इफ्रा कुणाची मुलगी हे विचारायची त्यांना गरज वाटली नव्हती. खोकी उतरवायला मला नेलं. अक्का आपली आपण आली, हिरवं इरकल नेसून, काखेत पिठाचं पोतं.

साहेबांनी तीन मजली किल्ला उभारला. पोरींनी सैनिक चढवले. पहिल्या मजल्यावर ठीक. दुसऱ्यावर धातूचं वजन पडलं तशी खालची भिंत फुगली. तिसऱ्यावर इफ्राने तोफ ठेवली, अगदी हळू ठेवली, आणि सगळा किल्ला गुडघे मोडून बसला. सैनिक बाईंच्या पायांपर्यंत घरंगळले. साहेब म्हणाले, हवा दमट आहे. सोलापुरात, मे महिन्यात!

अक्का पुढे आली. कुणाशी बोलली नाही. शेजारच्या टेबलावर पोतं ओतलं आणि जुना, कडा मळलेला किल्ला उभा केला. मग माझ्याकडे बघितलं. "मकदूम, तो पाण्याचा जार आण."

वीस लिटरचा भरलेला जार. साहेब डोळे वटारून माझ्याकडे बघत होते. मला कळत होतं की हा जार उचलला की माझी नोकरी गेली. मी उचलला आणि बुरजावर ठेवला. बुरूज हलला नाही.

पुण्याच्या बाई जवळ आल्या. हातात टेप होता. त्यांनी आधी साहेबांची भिंत मोजली, मग अक्काची. "एकशे त्र्याण्णव मिलिमीटर. इथेही तेवढंच. ना धड इंच, ना धड सेंटिमीटर. सोमशेखर, हे माप कुठून घेतलंत?"

"ते... आंतरराष्ट्रीय माप आहे," साहेब म्हणाले.

इफ्रा फिस्सकन हसली. अक्काने उजवा हात पुढे केला, बोटं ताणली आणि साहेबांच्या छापील भिंतीवर ठेवली. अंगठा ह्या कडेला, करंगळी त्या कडेला. वर नाही, खाली नाही. मग पंजा उचलून साहेबांसमोर धरला. "तुमचा ठिवून बगा की."

साहेबांनी हात खिशात घातला.

"हे कुणी केलंय?" बाईंनी विचारलं. अक्काकडे नाही, साहेबांकडे बघून विचारलं. आजूबाजूला दहाबारा स्टॉलवाले गोळा झाले होते.

"यांनी," साहेब खाली बघून म्हणाले.

"ऐकू आलं न्हाय," अक्का म्हणाली.

"राजेश्वरीअक्कांनी केलंय."

"न्हाय आलं, साहेब. नाव कुटं छापलंय ते पण सांगा."

साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी सगळ्यांच्या देखत, मोठ्याने, तिसऱ्यांदा सांगितलं की हे राजेश्वरीअक्कांनी केलंय, आणि खोक्यावर नाव मी माझं टाकलं.

अक्काचे कान उत्तम आहेत. माझं मशीन धडाडत असताना तिला चार मशीन पलीकडून माझ्या डब्याचं झाकण पडलेलं ऐकू यायचं.