फरशीपाशी मी थांबलो नव्हतो

"ओढ्याचा फुगलेला प्रवाह पाहताच आमच्या कर्णधारांनी प्रसंगावधान राखून शिटी वाजवली, सर्वांना काठावरच रोखले आणि त्यांच्या दूरदृष्टीमुळे अकरा जणांचे प्राण वाचले." आमच्या सायकल मंडळाच्या स्मरणिकेत चिटणीसांनी हे वाक्य छापले आहे आणि त्याच्या आधारावर येत्या रविवारी माझ्या खांद्यावर शाल घालण्याचे योजले आहे. तो कर्णधार मी. वाक्यातला ओढा खरा आहे, शिटी खरी आहे, अकरा हा आकडाही बरोबर आहे. बाकीचे चूक आहे. चिटणीस त्या दिवशी आमच्यात नव्हते, मी होतो. शाल मी घेणार नाही. हे श्रेय ज्याचे आहे त्याच्यापाशी ते पोचावे, एवढ्यासाठी हे लिहितो.

बहात्तरचा दुष्काळ उलटून दोन-तीन वर्षे झाली होती. मी शाळेत गणित शिकवीत असे. देव नाही असे मी कधी म्हटले नाही, परंतु त्याच्यावर काही सोपवावे असेही मला वाटले नव्हते. मार्गशीर्षातल्या एका रविवारी सोलापुराहून मंगळवेढ्याच्या बाजूला, माळावरच्या महादेवाच्या देवळापर्यंत जाऊन परत, अशी मंडळाची वार्षिक फेरी असे. माझ्या लेखी देऊळ म्हणजे माघारी वळण्याची खूण. पत्नी नारळ देई, तो मी पिशवीत टाकी. मंडळाचे नियम मीच केले होते आणि ते मोडण्याची कोणाची छाती नव्हती. कर्णधाराच्या पुढे कोणी चाक घालायचे नाही. एक लांब शिटी म्हणजे थांबा. दोन आखूड शिट्या म्हणजे माझ्या मागून या. आणि सायकलीला मडगार्ड नको, ते उगाच वजन.

त्या वर्षी शनिवारपासूनच आभाळ भरून आले होते. मी शाळेत असताना पत्नीने कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडून माझ्या सायकलीला दोन्ही मडगार्डे परत बसवून घेतली. रविवारी पहाटे ती पाहून मी संतापलो. ती शांतपणे म्हणाली, "पाठीपर्यंत चिखल घेऊन गाभाऱ्यात शिरणार का? असू द्या आजच्या दिवस." पाना तिने कोठे ठेवला होता, तो मला सापडला नाही. तसाच चौकात गेलो. माझ्यामागे नेहमी राजेशम असे. तो हातमागावर चादरी विणायचा. मला पाहताच तो ओरडला, "काय ओ मास्तर, सायकल सजवून आणलाव की! वरात कुणाची?" दहाच्या दहा जण हसले. ते हसू मी वाटभर विसरलो नाही. पुढे जे केले ते त्या हसण्यापायी केले, हे आज कबूल करतो.

सीना नदीचा पूल ओलांडेपर्यंत नुसती भुरभुर होती. मग ऐन थंडीत पाऊस लागला. एका टपरीवर चहा घेताना राजेशम हळूच म्हणाला, "माघारी फिरू या की, मास्तर. बोटं ब्रेकवर वळंनात."

"तू साखरेचा आहेस काय रे? विरघळशील?" मी म्हणालो. आणि अंतर वाचवावे म्हणून डांबरी रस्ता सोडून, दुष्काळी कामावर झालेल्या कच्च्या रस्त्याने सगळ्यांना शेतांत घातले.

दोन्ही बाजूंना पोटरीत आलेली ज्वारी निथळत होती. आमच्याकडची काळी माती भिजली की डिंकासारखी धरते. बाकीच्यांच्या चाकांवरून ती उडून त्यांच्या पाठीवर जात होती. माझी मडगार्डात साठत होती. चाक खरखरू लागले. मागे कोणी काही बोलले नाही, पण मला हसणेच ऐकू येत होते, म्हणून मी अधिकच जोराने पायडल मारीत राहिलो. उताराच्या तोंडाशी ओढा दिसला. त्यावरच्या ठेंगण्या दगडी पुलावरून, म्हणजे फरशीवरून, घोटाभर पाणी वाहत होते आणि तिच्या अलीकडच्या कडेचे दगड पाण्याबाहेर स्पष्ट दिसत होते. मी शिटी वाजवली. त्या शिटीकडे शेवटी येतो. वेग घेतला, आणि पाणी दहा पावलांवर असताना पुढचे चाक जागीच अडकले. मडगार्डात चिखल इतका ठासला होता की ते तसूभर फिरेना. मी हँडलवरून आडवा पडलो. ज्या पांढऱ्या कपड्यांसाठी एवढा खटाटोप झाला होता, ते गळ्यापासून घोट्यापर्यंत काळे झाले. नियमाप्रमाणे माझ्या पुढे कोणी चाक घातले नाही. दहाही जण उतारावर उभे राहिले, आणि मी काटकीने चिखल उकरीत सायकलवाल्याला, पत्नीला आणि त्या महादेवालाही नावे ठेवीत बसलो.

पाचेक मिनिटांनी बाभळींकडून घोंगडी पांघरलेला एक मेंढपाळ आला.

"कुटं निघालासा?"

"पलीकडे. घोटाभर तर पाणी आहे."

"व्हय, हितं घोटाभरच हाय. मदी फरशीच न्हाय की. सकाळीच वाहून गेली."

मी म्हणालो, असे होणार नाही. त्याने माझ्याकडे पाहिले. "मास्तर दिसतायसा," म्हणाला, आणि कडेकडेने चार पावले पाण्यात जाऊन त्याने डोक्याहून उंच काठी पुढे खुपसली. ती मुठीपर्यंत आत गेली. तळ लागला नाही. राजेशमला पोहता येत नव्हते. तो होता तिथेच चिखलात खाली बसला. त्या दिवशी पुन्हा त्याने थट्टा केली नाही.

त्या देवळाच्या पुजाऱ्यांची कहाणी आणखी निराळी आहे: तो मेंढपाळ म्हणजे साक्षात महादेव, आणि काठी दाखवून तो दिसेनासा झाला. तेही मला मान्य नाही. तो दिसेनासा झाला नाही. तो खोकत होता. त्याने राजेशमकडे बिडी मागितली, ती भिजलेली निघाली म्हणून आम्हाला हसला, आणि आम्ही देवळापर्यंत न जाता नारळ तिथेच फोडला तेव्हा खोबऱ्याचा मोठा तुकडा मागून घेतला. त्याला कोणी पाठवले असे कोणी म्हटले, तर मी भांडणार नाही. पण त्याचा खोकला आणि त्याची भूक त्याच्याकडून काढून घेऊ नका. शिवाय तो आला तो उशिराच. चाक फिरत राहिले असते, तर त्याने सांगायला काठावर कोण राहिले असते, हे मला आजही मनात आणवत नाही.

घरी पोचलो तेव्हा पत्नीने पाणी तापवून ठेवले होते. मी सगळे सांगितले आणि आयुष्यात प्रथमच म्हणालो, "तू वाचवलेस." ती घाबरूनच गेली. "मी तुमच्या कपड्यांचा विचार केला होता हो. ओढ्याचं मला काय ठाऊक? ते त्यानं बघितलं." एवढे बोलून तिने देवापुढची वात सारली आणि कपडे भिजत घालायला निघून गेली. ते डाग पुरते कधी निघाले नाहीत. तिला जाऊन आता बरीच वर्षे झाली. आपल्याला दिसते तेवढे ती नीट करी आणि न दिसणारे निमूटपणे त्याच्या हवाली करी. सोपवणे म्हणतात ते हेच असावे, असे त्या रात्री वाटले आणि अजून वाटते. ती मडगार्डे मी पुन्हा काढली नाहीत. महादेवाला मात्र दर मार्गशीर्षात नारळ घेऊन गेलो, आणि तो नारळ कधी पिशवीत टाकला नाही, हातात धरला.

चिटणीस परवा फोनवर म्हणाले, "सर, विनय पुरे झाला. तुम्ही शिटी वाजवलीत म्हणूनच तर सगळे थांबले." विनय माझ्या अंगी कधी नव्हता, आमच्या पेठेत कोणालाही विचारा. राहता राहिली शिटी. राजेशम हयात आहे, त्याचे कान शाबूत आहेत, आणि तो माझ्या मागेच होता, त्यालाही विचारा. उताराच्या तोंडाशी, पाणी डोळ्यांनी पाहून, मी वाजवलेल्या शिट्या आखूड होत्या, आणि दोन होत्या.