शेडमधली भट्टी

माझे वडील एकतीस वर्षं दारूच्या हातभट्ट्या शोधून मोडायच्या सरकारी नोकरीत होते. आणि मी आयर्लंडमध्ये घरी बिअर करायला पन्नास लिटरचं स्टीलचं पातेलं मागवलं.

मागवलं तेव्हा बाबा इकडे येतील असं ठरलेलंही नव्हतं. मी लिक्सलिपला कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात बारा-बारा तासांच्या पाळ्या करतो आणि बायको ब्लँचर्डस्टाउनच्या हॉस्पिटलात डॉक्टर आहे. एक उठतं तेव्हा दुसरं झोपायला जातं. सुट्टीचा पहिला दिवस आम्ही झोपून काढतो, दुसरा त्या झोपेतून बाहेर यायला लागतो. अशात ज्याला कुणी डेडलाइन देणार नाही असं स्वतःचं काहीतरी करावं, म्हणून पातेलं मागवलं. ते वर्षभर खोक्यातच पडून होतं. "प्रेसमध्ये मावणार नाही, शेडमध्ये ने," एवढंच बायको म्हणाली होती. कपाटाला आता आम्हीही इथल्यासारखं प्रेसच म्हणतो.

आई गेल्यावर बाबा नागपूरला एकटे पडले, म्हणून त्यांना मी हट्टानं तीन महिन्यांसाठी बोलावून घेतलं. त्यांना येऊन सहा आठवडे झाले असतील. त्या दिवशी मी पाळी संपवून सकाळी घरी आलो. बायको कामावर गेली होती. अंगात त्राण नव्हतं, पण आज नाही तर आणखी एक वर्ष जाईल असं वाटलं आणि झोपायचं सोडून खोकं उघडलं.

पातेल्याला खाली तोटी बसवायची होती. त्यासाठी भोक पाडणं आलं, आणि गुळगुळीत स्टीलवर ड्रिल काही टिकेना. तिसऱ्यांदा घसरलं तेव्हा बाबा शेडच्या दारात उभे होते.

"काय करून राहिला?"

मी सांगितलं.

"भट्टी लावून राहिला म्हण ना सरळ."

"बाबा, इथं घरच्यापुरती केलेली कायद्याला चालते."

"कायदा इथला असेल. नाक माझं तिकडचंच आहे." मग ड्रिलकडे बघून म्हणाले, "पहार आण. एका घावात पाडून देतो. हजारो पाडली."

एरवी मी हसलो असतो. त्या दिवशी तोंडातून निघालं, "फोडण्याशिवाय दुसरं काय येतं तुम्हाला?"

 बाबा अगदी साध्या आवाजात म्हणाले, "माझं तिकीट अलीकडचं करून दे. ज्या घरात भट्टी लागते, त्या घरात मी जेवत नाही."

थकलेला माणूस किती दुष्ट होतो, ते मी स्वतःवरून सांगतो. मी खिशातून फोन काढला आणि तिथंच उभ्या उभ्या तिकीट बदललं. "झालं. गुरुवारचं." बाबा "बरं" म्हणाले आणि घरात गेले.

मग मी हट्टालाच पेटलो. भोक पाडलं, तोटी बसवली, पाणी भरून पाहिलं तर गळती. सगळं ओतलं, तोटीच्या आट्यांवर पांढरी टेप पुन्हा गुंडाळली, पुन्हा भरलं. शेडच्या दारासमोर शेगडी मांडून सिलिंडर जोडला. मोड आणून भाजलेले, भरडलेले जव कापडी पिशवीत घालून तासभर गरम पाण्यात ठेवले. भिजलेली पिशवी उचलताना पाठीतून कळ गेली. उरलेल्या गोड पाण्याला उकळी यायची होती, तोवर टेकावं म्हणून खुर्ची घेतली.

डोळे उघडले तेव्हा बाबा शेगडीपाशी होते. बाह्या वर केलेल्या, हातात माझा लांब दांड्याचा चमचा. गॅस बारीक केलेला होता आणि पातेल्याच्या बाहेरून तपकिरी फेसाचे ओघळ आले होते.

"बाप्पा! भट्टीवर झोपणारा माणूस पहिल्यांदा पाहिला," ते म्हणाले. "आमच्याकडं असता तर पहिल्याच धाडीत सापडला असता."

मी गडबडीनं उठलो आणि हॉप्सची पुडी फोडली.

"हे काय?"

"फुलं. कडूपणासाठी टाकतात."

त्यांनी थोडी तळहातावर घेऊन वास घेतला. "म्हणजे इथंही फुलांचंच आहे," म्हणाले. त्यांची निम्मी नोकरी मोहाच्या जंगलात गेली होती. हातातली फुलं त्यांनी स्वतःच पातेल्यात टाकली.

"किती वेळ उकळायचं?"

"तासभर."

त्यांनी दुसरी खुर्ची ओढली. ते आल्यापासून आम्ही दोघं असे शेजारी शेजारी बसलोच नव्हतो, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं. मी म्हणालो, "बाबा, चुकलं माझं. तिकीट परत बदलतो. हे पातेलंही देऊन टाकतो कुणाला तरी."

बाबांनी वर आलेला फेस चमच्यानं खाली बसवला.

"भट्टीसाठी नाही जात रे मी. ते निमित्त झालं." चमचा एकदा फिरवून ते पुढं बोलले, "तुम्ही दोघं घरी असता तेव्हा झोपून असता. एक नाही तर दुसरं. मी चपला हातात घेऊन जिना उतरतो. कुकर लावत नाही, शिटी होते. टीव्ही आवाज बंद करून पाहतो. नागपूरला एकटा असलो, तरी खोकायची चोरी नाही."

"सांगायचं तरी."

"काय सांगू? माझ्यासाठी जागे राहा म्हणू? चेहरे पाहतो ना मी तुमचे." मग म्हणाले, "गुरुवारचं राहू दे."

मला पुष्कळ बोलायचं होतं. राहा म्हणायचं होतं, रजा टाकतो म्हणायचं होतं. पण सांगायला लाज वाटते, त्या घटकेलाही माझे डोळे मिटत होते. मान एकदा पुढं पडली, दुसऱ्यांदा पडली. त्यांनी ते पाहिलं.

"झोप तू," बाबा म्हणाले. "मी आहे इथं." आणि ते चमचा हळूहळू फिरवू लागले, पातेल्याला लागून आवाज होणार नाही इतका हळू.