वांग्याच्या फुलाची साडी

साठी उलटेपर्यंत यल्लव्वाला कुणी विचारलंच नव्हतं, की बाई, तुला रंग कुठला आवडतो.

निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत तिची उभी हयात गेली. अंगावर असायचं ते मालकिणीच्या घरून दिवाळीला मिळालेलं जुनेर. ते विटलं की दुसरं. पुढं लेक सुविधा शिकली, बेळगावात बँकेत साहेब झाली, आईला तिनं आपल्याकडं आणलं. नव्या साड्या आल्या, पण त्याही लग्नाकार्यातल्या आहेराच्या. देणाऱ्याच्या पसंतीच्या.

सुविधाची तऱ्हा उलटी. मोबाइलवर बोट टेकवलं की दारात पार्सल. एका रविवारी कपाटाचं दार लागेना, तेव्हा सगळं बाहेर काढून ती ढिगात फतकल मारून बसली. निम्मे कपडे एकदाच घातलेले, उरलेले दोन धुण्यांत लोळागोळा झालेले.

"आता बास," ती म्हणाली. "थोडं घ्यायचं, टिकेल ते घ्यायचं."

आणि त्याच आठवड्यात बँकेतल्या मैत्रिणीची जुनी, पण झकास रेशमी साडी तिनं आईसाठी आणली. यल्लव्वानं ती हातातसुद्धा घेतली नाही.

"ठिवून ये जा. दुसऱ्याचं उतरलेलं माझ्या घरात न्हाय येणार."

"अगं, चांगली आहे. शहरात आता सगळे असं वापरतात."

"वापरू देत. त्यांनी हौसंनं नेसावं. मी उभा जन्म नेसलंय, मला इचारून कुणी दिलं न्हवतं."

सुविधानं साडी परत नेऊन दिली. रात्री जेवताना ती हळूच म्हणाली, "आई, नवीच करू. पण तुझ्या मनाची. खासबागला विणकराकडं जाऊ."

खासबागेत नागेंद्र विणकराच्या घरी मागांचा असा खडखडाट होता, की मोठ्यानं बोलावं लागत होतं. त्यानं माग थांबवला, पाट दिला आणि विचारलं, "आक्का, याव बण्ण बेकु? कुठला रंग करायचा?"

यल्लव्वा गडबडली. लेकीकडं बघितलं, मागाकडं बघितलं. "कुठला बी चालंल."

"कुठला बी रंग माझ्याकडं न्हाई बघा!" नागेंद्र हसला. "सावकाश सांगा."

झालं! त्या दिवसापासून यल्लव्वाच्या डोळ्यांना जणू कामच लागलं. बाजारात भाजी घेताना ती मिरच्यांच्या ढिगापाशी थबके. बसमध्ये पुढच्या बाईचा पदर निरखे. हा भडक, तो मळखाऊ, हा जुनेरासारखा. मन कशावर बसेना, पण शोधायचीच एवढी गोडी लागली, की गुडघेदुखी विसरून ती संध्याकाळी गल्लीला फेऱ्या घालू लागली.

मग एका सकाळी परसात पाणी घालताना ती ओरडली, "सुविधाऽ! घावला गं, घावला!"

सुविधा तोंडातल्या ब्रशसकट धावली. वांग्याच्या झाडाला फूल आलं होतं. फिकट जांभळं, आणि मधोमध पिवळाधमक ठिपका.

"जन्मभर वांगी खाल्ली, फूल कधी बघितलंच न्हाय!"

फूल सुकायच्या आत, ओल्या फडक्यात गुंडाळून, स्कूटरवरून दोघी खासबागला. नागेंद्रनं सुताच्या लडी काढून फुलाशेजारी लावल्या. एक गडद. एक मळकी. पुढची लड ठेवली, आणि यल्लव्वानं ती थेट छातीशी धरली.

"ह्योच! आन् काठ पिवळा, बारीक. रुंद काठ पायात येतोय."

शिंप्याकडंही तिनं ऐकलं नाही. "ब्लाउजला खिसा?" तो चकित झाला. "मग मोबाइल कुठं ठिवू?" ती म्हणाली. बाही कोपरापर्यंत हवी, गळा लहान हवा, सगळं तिनंच सांगितलं. साडी मागावर होती तोवर ती येताजाता बघून यायची आणि दर खेपेला विचारायची, "माझीच हाय न्हवं?" सुविधानंही त्याच मागावरचं कापड घेऊन दोनच कुडते शिवले. आठवडाभर तेच आलटूनपालटून घालते, आणि कपाटाचं दार आता लागतं.

वखारीतली जुनी सोबतीण जयाबाई, तिच्या नातवाचं लग्न निपाणीत होतं. यल्लव्वा नवी साडी नेसून मांडवात शिरली तशी जयाबाईनं पदरच धरला.

"लई भारी गं! कुणी दिली?"

"कुणी न्हाय. मी सांगून करून घेतली, खासबागच्या मागावर, वांग्याचं फूल दावून."

हे बोलताना तिला स्वतःलाच इतकं हसू फुटलं, की आजूबाजूच्या बायाही हसू लागल्या. निघताना जयाबाईनं आहेराची साडी पुढं केली. यल्लव्वानं तिचे हात हातात घेतले. "राग मानू नगंस. तुझी माया पोचली. पर आता मी मनाचीच नेसणार."

जयाबाईचं तोंड उतरलं. सुविधा परतीच्या बसमध्ये सारखी म्हणत होती, "दुखावलीस तिला." यल्लव्वालाही रुखरुख लागली.

पण पुढच्याच रविवारी सकाळच्या बसनं जयाबाई हजर, बरोबर वखारीतल्या आणखी दोघी! एकीच्या पिशवीत तपकिरी रेघांची तुरीची शेंग, दुसरीच्या हातात कवठाचा तुकडा. जयाबाईचे हात रिकामे.

"मला काय सुचंनाच बघ," ती खासबागेत पाटावर बसत म्हणाली.

"सुचंल की. घाई हाय व्हय?"

नागेंद्रनं फळीवरच्या साऱ्या लडी खाली ओतल्या. जयाबाई एकेक उचलून मनगटावर धरू लागली, मान वाकडी करून बघू लागली. हा नको, हाही नको, थांब, तो बघू! यल्लव्वानं दारात उभ्या लेकीला हाक मारली.

"सुविधा, तू जा घरला, जेवून घे. आमाला येळ लागंल."